खोल पाण्यातली भूल



या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. इथे कवी, कादंबरीकार, संतसाहित्याचे अभ्यासक बोलून गेले आहेत. मी बेळगावात पस्तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेला माणूस. निमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींना म्हणालो, "अहो, माझ्यासमोर माणसं झोपतात हाच माझा लौकिक. व्याख्यानातही तेच झालं तर?" त्यावर त्यांच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "मग त्यावरच बोला की डॉक्टर. भूल या शब्दावर." मग मला मागे फिरता येईना.

भूल हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याच्याकडे थांबून पाहत नाही. दुकानाच्या बिलाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' छापलेलं असतं, तिथे भूल म्हणजे नजरचूक. रानात वाट हरवलेल्याला रानभूल पडली म्हणतात. निवडणुकीत भूलथापा असतात, त्यांची फोड येळ्ळूरकरांना करून सांगायला नको. आणि शस्त्रक्रियेच्या आधी आम्ही देतो तीही भूलच. इंग्रजीत चुकीला एक शब्द आणि आमच्या औषधाला दुसरा. मराठीने दोन्ही गोष्टी एकाच शब्दात ठेवल्या. पुष्कळ वर्षं मला हा भाषेतला योगायोग वाटत होता. मग आमच्या घरात एक प्रसंग घडला, आणि या दोन अर्थांचं नातं किती जवळचं आहे ते कळलं. आज तो प्रसंग आणि त्याच्यामागचं विज्ञान, दोन्ही सांगणार आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पाणबुड्या आहे. समुद्राखाली जाऊन नळ जोडणं, तपासणी करणं, वेल्डिंग करणं हे त्याचं काम. समुद्र त्याने वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत फारसा पाहिला नव्हता. पोहायला शिकला तो आपल्यासारखाच विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. पुढे या व्यवसायाचं प्रशिक्षण घ्यायला गेला. तिथे एके दिवशी समुद्रात चाळीस मीटरच्या आसपास उतरायचं होतं. पाठीवरच्या टाकीत साधी हवा, तुम्ही-आम्ही घेतो तीच, फक्त दाबून भरलेली. काम सोपं होतं. एका लोखंडी पट्टीचे चार बोल्ट काढायचे, पट्टी फिरवून पुन्हा बसवायची, आणि दर थोड्या वेळाने हातातल्या पाटीवर टाकीतल्या हवेचा आकडा लिहायचा.

त्याने पहिला बोल्ट काढला. मग तोच परत बसवला. मग परत काढला. सोबत्याने खूण करून विचारलं, ठीक आहेस का? याने अंगठा आणि तर्जनी जुळवून खूण केली, एकदम ठीक. पुन्हा तोच बोल्ट. सोबत्याने त्याचा काटा पाहिला तर हवा ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलेली. त्याने याचा पट्टा धरला आणि त्याला हळूहळू वर आणलं. बोटीवर आल्यावर पाटी पाहिली. तिच्यावर एकच आकडा चार वेळा लिहिलेला होता, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात. काटा मात्र मधल्या वेळात बराच खाली आला होता.

सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने मला हे सगळं हसत हसत सांगितलं. मी विचारलं, "खाली असताना काही वेगळं वाटलं का रे?" तो म्हणाला, "न्हाई ओ मामा. मला काय झालंच नव्हतं. उलट डोकं एकदम साफ वाटत होतं. काम मस्त चाललंय असं वाटत होतं."

मी हसलो नाही. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. टेबलावर झोपवलेला रुग्ण, हातात सुई गेलेली, औषध रक्तात मिसळलेलं, आणि तो मला सांगत असतो, "डॉक्टर, मला अजून भूल लागलीच नाही." ते वाक्य तो पुष्कळदा पुरं करत नाही.

भाच्याला खाली जे झालं त्याला शास्त्रात नायट्रोजन नार्कोसिस म्हणतात. आपण त्याला नायट्रोजनची गुंगी म्हणू, किंवा सरळ भूलच म्हणू. हा नायट्रोजन आपल्याला परका नाही. तुम्ही भातशेती करणारी माणसं, युरियाच्या पोत्यावर ४६ टक्के नत्र लिहिलेलं असतं ते रोज वाचता. नत्र म्हणजेच नायट्रोजन. आपण घेतो त्या श्वासात जवळजवळ ७८ टक्के नत्रवायू असतो आणि २१ टक्के प्राणवायू. जन्मल्यापासून आपण तो आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो. तो शरीराशी काही देवघेव करत नाही. असा निरुपद्रवी वायू माणसाची बुद्धी कशी फिरवतो?

त्यासाठी परत विहिरीवर जाऊ. लहानपणी तळाची माती काढून दाखवायची पैज तुमच्यापैकी पुष्कळांनी मारली असेल. खाली जाताना कानात कळ येते. ही कळ पाण्याच्या दाबाची. समुद्रसपाटीला आपल्या अंगावर एक वातावरण इतका हवेचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन, तीसवर चार. विहिरीत उतरणारा मुलगा वरूनच एक श्वास भरून जातो आणि मिनिटाच्या आत वर येतो, त्यामुळे त्याला कानाच्या कळेपलीकडे या वायूची बाधा होत नाही. टाकी घेऊन उतरणाऱ्याचं तसं नसतं. छाती फुगायची तर आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका हवा. म्हणून त्याचं यंत्र त्याला त्या खोलीच्या दाबाचीच हवा पुरवतं. तीस मीटरवर त्याच्या प्रत्येक श्वासात जमिनीवरच्या चौपट नायट्रोजन जातो. जमिनीवर नायट्रोजनचा वाटा पाऊण वातावरणाच्या किंचित वर, तीस मीटरवर तो तीन वातावरणांच्या पुढे. दाब वाढला की वायू द्रवात जास्त विरघळतो. सोड्याच्या बाटलीत गॅस कोंडलेला असतो तसाच हा नायट्रोजन रक्तात आणि रक्तातून मेंदूत विरघळतो.

इथे एक घोटाळा टाळू. पाणबुड्यांचा दुसरा एक आजार पुष्कळांना ऐकून ठाऊक असतो. घाईने वर आलं की विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी अर्धांगवायू होतो. तो वर येतानाचा आजार. कसं टप्प्याटप्प्याने वर यावं याची कोष्टकं जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०८ साली दिली. आजचा आपला विषय खाली असतानाचा आहे. त्यात बुडबुडा नसतो, वेदना नसते, आणि वर आलं की काही मिनिटांत सगळं उतरतं. मागे खूण राहत नाही, म्हणून त्याला कोणी फारसं भीत नाही.

हे प्रथम लक्षात आलं ते समुद्रातही नव्हे. १८३५ साली फ्रान्समध्ये जुनो नावाच्या डॉक्टरने माणसांना दाबाच्या कोठीत बसवून पाहिलं. त्याने नोंदवलं की दाबात माणसाची कल्पनाशक्ती तरतरीत होते, विचारांना एक वेगळीच गोडी येते आणि काहींना चक्क नशा चढल्यासारखं होतं. साहित्य संघाच्या सभासदांना हे वर्णन मोहात पाडेल, म्हणून पुढचंही सांगतो. शंभर वर्षांनी, १९३५ साली, अमेरिकेच्या नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या स्थितीत मन प्रफुल्लित होतं खरं, पण वरच्या दर्जाचा विचार मंदावतो आणि हातापायांचा मेळ बिघडतो. याला जबाबदार नायट्रोजन आहे हेही त्यांनीच ठामपणे मांडलं.

चार वर्षांनी हे ज्ञान कसाला लागलं. २३ मे १९३९ रोजी अमेरिकेची स्क्वालस ही पाणबुडी ७४ मीटर खोल बुडाली. आतल्या ३३ जणांना वाचवण्यात यश आलं, २६ जण गेले. नंतर ती पाणबुडी वर काढण्याचं काम अनेक महिने चाललं. त्या खोलीवर साधी हवा घेऊन उतरलेल्या माणसांची बुद्धी नीट चालेना, साध्या कामात गफलती होऊ लागल्या. तेव्हा बेन्के यांच्या सल्ल्याने नायट्रोजन काढून त्याच्या जागी हीलियम घातला गेला, आणि माणसं शुद्धीवर राहून काम करू लागली.

त्याच वर्षी १ जून रोजी इंग्लंडची थीटिस ही पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली, ९९ माणसं मेली. तिच्या चौकशीच्या निमित्ताने जे. बी. एस. हॉल्डेन या कामात आले. मघाशी कोष्टकं सांगितली ती यांच्या वडिलांची. मुलगा आनुवंशशास्त्रातला मोठा माणूस. हा गृहस्थ प्रयोग आधी स्वतःवर करायचा. लंडनच्या एका कारखान्यातल्या दाबकोठीत तो, त्याचे सहकारी आणि मित्र बसले आणि दाब दहा वातावरणांपर्यंत नेला. त्या दाबात गुणाकार करायचे आणि चिमट्याने पोलादी गोळ्या उचलून भोकांत टाकायच्या. एरवी सहज येणारी गणितं चुकू लागली, हात थरथरू लागले, कोणी उगाच हसू लागलं. केस आणि हॉल्डेन यांनी १९४१ साली हे सगळं प्रसिद्ध केलं. हेच हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात राहायला आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आपलं शरीरही त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन टाकलं होतं.

आणखी एक नाव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फ्रान्सचे कूस्तो आणि त्यांच्या मित्रांनी श्वासाची टाकी पाठीवर घेऊन पोहण्याची युक्ती रूढ केली. हवेवर किती खोल जाता येतं हे पाहण्याच्या त्यांच्या प्रयत्नात १९४७ साली मोरीस फार्ग नावाचा अनुभवी पाणबुड्या खाली गेला. दोरावर ठरावीक अंतरावर पाट्या बांधल्या होत्या, जिथवर पोचाल तिथे सही करायची. तो बराच वेळ दोर ओढून 'ठीक आहे' अशी खूण वर कळवत होता. मग खूण थांबली. त्याला वर ओढलं तेव्हा श्वासाची नळी तोंडातून सुटून छातीवर लोंबत होती. तो वाचला नाही. सुमारे १२० मीटरवरच्या पाटीवर त्याची सही सापडली. भाच्याने त्याची पाटी दाखवली तेव्हा मला ही पाटी आठवली.

आता मेंदूत नेमकं काय होतं ते पाहू. पहिला धागा आमच्या शास्त्रातूनच आला. १८९९ साली मायर यांनी आणि १९०१ साली ओव्हरटन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. भुलीचं औषध ऑलिव्हच्या तेलात जितकं जास्त विरघळतं, तितकी त्याची भूल जोरदार. आपल्या मेंदूतल्या पेशींची आवरणं स्निग्ध पदार्थांची आहेत, त्यामुळे तेलात मुरणारा वायू तिथेही मुरतो. याच हिशेबात वायू एका ओळीत बसतात. हीलियम तेलात फारच कमी विरघळतो, म्हणून तो भूल देत नाही. नायट्रोजन त्याच्या वर. अरगॉनची गुंगी नायट्रोजनच्या सुमारे दुप्पट. आणि झेनॉन हा वायू इतका मुरतो की जमिनीवरच्या साध्या दाबालाही तो माणसाला पुरता झोपवतो. म्हणजे टेबलावर मी देत होतो ती भूल आणि माझ्या भाच्याला समुद्रात लागलेली भूल या एकाच घराण्यातल्या. नायट्रोजन त्यातला दुबळा भाऊ. त्याला जोर यायला समुद्राचा दाब लागतो, इतकंच.

नुसत्या तेलाने कोडं पुरतं सुटलं नाही. पेशींच्या आवरणात प्रथिनांची दारं असतात, त्यांतून पेशी एकमेकींशी बोलतात. त्यांतली गाबा नावाच्या रसायनाची दारं मेंदूला शांत करण्याचं काम करतात. भुलीची पुष्कळ औषधं याच दारांवर काम करतात, आणि दाबाखालचा नायट्रोजनही तिथे हात घालतो असं दिसतं. फ्रान्समध्ये रोस्तँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, नायट्रोजनच्या दाबात मेंदूच्या खोल भागातलं डोपामिन कमी होताना आढळलं. हालचाल, उमेद, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणं, या सगळ्यांत या डोपामिनचा हात असतो. तोच बोल्ट पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या हाताशी याचा संबंध असेल असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून घेऊ नका.

आणखी एक काम न्यूझीलंडच्या ऑकलंडमधलं, २०२२ साली छापलेलं. १२ जण, त्यांत ५ स्त्रिया, दाबकोठीत बसले. प्रत्येकाच्या डोक्यावर ३२ ठिकाणी तारा लावून मेंदूच्या विजेचा आलेख घेतला. दाब पन्नास मीटर खोल पाण्याइतका. एकदा साधी हवा दिली, एकदा हीलियम आणि प्राणवायूचं मिश्रण. हीलियमवर आलेखात लक्षणीय बदल झाला नाही. हवेवर मात्र मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे आलेख एकमेकांशी जास्त जुळू लागले. या जोडणीचं एक माप आहे, ते जमिनीवरच्या तुलनेत ३५ टक्क्यांनी वाढलं. खुद्द त्या माणसांना मात्र गुंगी सौम्यच वाटली होती.

जोडणी वाढली हे ऐकून वाटेल, मग मेंदू चांगलाच चालला असणार. तसं होत नाही. ग्रामसभा डोळ्यांपुढे आणा. पाण्याचा माणूस पाण्याचं बोलतो, शाळेचा शाळेचं, कोणी हिशेब विचारतो, कोणी अडवतो. गोंधळ वाटतो, पण निर्णय त्यातूनच निघतो. तेच सगळे एका सुरात 'हो, हो' म्हणू लागले तर सभा झकास दिसेल, हिशेब मात्र कोणी विचारणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे गुंगीतला मेंदू थोडाफार तसा होतो. अडवणारा, शंका काढणारा भाग सगळ्यांत आधी गप्प होतो, आणि बाकीच्यांना वाटतं, आज सभा काय छान चालली आहे.

आणि म्हणूनच ही भूल इतर दुखण्यांपेक्षा वेगळी आहे. पाय मोडला तर मेंदूला कळतं. ताप आला तर कळतं. इथे ज्या अवयवाने कळून घ्यायचं तोच बाधित झालेला असतो. आपल्याकडे रात्री शेतातून परतणाऱ्याला चकवा लागल्याच्या गोष्टी सांगतात. माणूस रात्रभर चालतो, आपण सरळ वाटेनं जातोय याची त्याला खात्री असते, आणि उजाडल्यावर पाहतो तर त्याच बांधावर उभा. चकवा खरा की खोटा या वादात मी शिरत नाही. पण त्या गोष्टीतली एक बारीक खूण अगदी बरोबर आहे. चकवा लागलेल्याला शंका येत नाही.

आता कोणी विचारेल, समुद्राशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि वाढतो आहे. बेळगावहून चंदगड, आंबोली, सावंतवाडी करत मालवणला जाणाऱ्या गाड्या आता नुसत्या माशांच्या जेवणासाठी जात नाहीत. पोरं स्कूबा करायला जातात. तारकर्लीला महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पर्यटकांना तिथे पाच-दहा मीटरांत उतरवतात. तेवढ्यात नायट्रोजनची गुंगी येत नाही, हे इथे बसलेल्या आयांनी ऐकून ठेवावं. तिथे भीती वेगळी असते, श्वास रोखून झटकन वर येण्याची. पण हौस वाढते. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक मोठं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथे प्रवाळ आहे. त्याचा माथाच वीस मीटरच्या आसपास खोल, आणि कडांवरून खाली पाणी काळंभोर होत जातं. म्हणजे तिथे सुरुवातच गुंगीच्या उंबरठ्याजवळ होते.

आणि कामगारांचा समुद्र तो मुंबई हायचा. १९७४ साली तिथे तेल लागलं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, आणि पाणी सुमारे ७५ मीटर खोल. मघाची स्क्वालस पाणबुडी ७४ मीटरवर बुडाली होती. ज्या खोलीवर अमेरिकेच्या नौदलातल्या तरबेज माणसांची बुद्धी हवेवर टिकली नाही, त्याच खोलीवर आपल्याकडची तरुण मुलं नळ जोडतात. आपण गाडीत पेट्रोल भरतो तेव्हा हे डोळ्यांपुढे येत नाही.

ती मुलं तिथे साध्या हवेवर उतरत नाहीत. या व्यवसायात हवेवर पन्नास मीटरच्या पुढे जायचं नाही असा दंडक आहे, आणि हौशी माणसांना चाळीस मीटर ही शेवटची मर्यादा शिकवतात. त्याच्या खाली हीलियम आणि प्राणवायू. खोल कामासाठी माणसं जहाजावरच्या दाबकोठीत आठवडेच्या आठवडे राहतात. तिथेच जेवण, तिथेच झोप. कामाच्या वेळी त्याच दाबाच्या घंटेत बसून खाली जातात आणि परत येतात. मोहीम संपली की दाब उतरवायलाच काही दिवस लागतात. हीलियममुळे आवाज बदकासारखा होतो, फोनवर आईलाही ओळखू येणार नाही असा. अंगाची ऊब झपाट्याने जाते, म्हणून पोशाखातून गरम पाणी खेळवतात. हे सगळे सायास कशासाठी, तर माणसाचं डोकं ताळ्यावर राहावं यासाठी. आणि हीलियमलाही मर्यादा आहेच. दीडशे मीटरच्या पुढे त्याच्यावर हातांना कंप सुटतो, आणि तो शमवायला मिश्रणात थोडा नायट्रोजन परत घालतात. आमच्या औषधशास्त्रातही असंच असतं, विष कोणतं आणि औषध कोणतं हे मात्रेवर ठरतं.

भाच्याच्या गोष्टीकडे परत येतो. त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "आता अनुभव आला न्हवं मामा. पुढच्या येळेला मला आधीच कळंल." हे वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त झोंबलं. नेहमी खोल जाणाऱ्यांना सवयीने गुंगी कमी वाटू लागते हे खरं आहे. पण त्यांना गणितं घातली, हातांची कामं दिली, की चुका फारशा कमी झालेल्या दिसत नाहीत. सवय होते ती वाटण्याची. दारू पिऊन गाडी चालवणारा जुना माणूस म्हणतो ना, "मला सवय आहे", अगदी तसं.

मी त्याला म्हणालो, "अरे, तुला कळणार नाही. पुढच्या वेळीही नाही आणि दहा वर्षांनीही नाही. मी पस्तीस वर्षं भूल दिली, पण मला कोणी भूल दिली तर मलाही कळणार नाही." तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग करायचं काय?"

उत्तर त्याला त्याच्या प्रशिक्षकांनीही दिलं होतं, मी फक्त पुन्हा सांगितलं. किती खोल जायचं, हवा कितीवर आली की वर निघायचं, हे जमिनीवर, डोकं शाबूत असताना ठरवायचं, आणि खाली गेल्यावर त्यात बदल करायचा नाही. खाली सुचलेली कोणतीही चांगली कल्पना वर येईपर्यंत चांगली समजायची नाही. दमून, कुडकुडत, आदल्या रात्रीची उतरलेली नसताना जायचं नाही, कारण धाप आणि थंडी गुंगी वाढवतात. शंका आली, आपली किंवा सोबत्याची, तर थोडं वर यायचं. दहा-पंधरा मीटर वर आलं तरी पुष्कळदा डोकं उघडतं, आणि यावर याहून चांगलं औषध नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोबत्याने वर चल म्हटलं की वाद न घालता वर यायचं. तुझं डोकं साफ वाटतंय हा त्या वेळी पुरावा होत नाही.

हे ऐकून तुमच्या मनात आपल्याच शिवारातली एखादी विहीर आली असेल. जुनी, बरेच दिवस न उपसलेली विहीर साफ करायला माणूस उतरतो आणि वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. तिथलं कारण वेगळं असतं. तिथे नायट्रोजनचा दाब नसतो, प्राणवायू संपलेला असतो किंवा तळाशी विषारी वायू साचलेला असतो. पण एक गोष्ट तीच. प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूलाही आपण घसरतो आहोत हे कळत नाही. माणूस 'आहे ठीक' म्हणतो आणि दोन मिनिटांत खाली बसतो. म्हणून अशा विहिरीत उतरायचंच नाही. अग्निशमन दलाला बोलवायचं. आत कोणी पडलेला दिसला तर त्याच्या मायेपोटी आपण उडी घ्यायची नाही. हे सांगताना मला जड जातं, कारण आपल्या लोकांचा स्वभाव उडी घेण्याचा आहे.

एवढं सगळं झाल्यावर बहिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, तू डॉक्टर आहेस. खरं सांग, पाठवू का त्याला परत?" तिचा प्रश्न दाबाचा आणि वायूंचा नव्हता. आठ दिवस मी तिला उत्तर दिलं नाही. मग म्हणालो, "पाठव. काम इमानाचं आहे, आणि तो घाबरून नव्हे, समजून जाईल असं दिसतंय. फक्त त्याच्या त्या सोबत्याला एकदा घरी जेवायला बोलव."

तो मुलगा आला. कोकणातला, कमी बोलणारा. बहिणीने त्याला वाढताना विचारलं, "तुला कसं रे कळलं, याचं काहीतरी बिनसलंय ते?" तो म्हणाला, "काकी, मला पण तेवढी गुंगी असणारच. पण मी त्याच्या हाताकडे बघत होतो." म्हणजे एकाच पाण्यात, एकाच खोलीवर, दोघेही भुलीत. तरी स्वतःची चूक दिसत नाही ती शेजारच्याची दिसते. दोघांना जोडीने उतरवायचं ते एवढ्यासाठीच.

मंडळी, साहित्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण वाचक म्हणून एवढं वाटतं की पुस्तक लिहिणाराही आपल्या लेखनात असाच खोल उतरलेला असतो, आणि सगळं छान चाललंय असं त्याला वाटत असतं. तेव्हा हस्तलिखित वाचून 'वर चल' म्हणणारा एक मित्र त्यालाही हवा. असा एखादा मित्र तुमच्या या संघात तुम्हाला भेटत असेल, तर संघाचं काम झालं म्हणायचं.

भाचा सध्या समुद्रावर आहे. दोर ओढून खूण करतात तसा त्याचा एक शब्दाचा निरोप अधूनमधून मोबाईलवर येतो, 'ठीक'. बहीण तेवढ्यावर समाधान मानत नाही. ती त्याच्या सोबत्याला फोन करते.

तुम्ही इतका वेळ जागेपणी ऐकलंत, एका भूलतज्ज्ञाला यापेक्षा मोठा सत्कार नाही. बोलण्यात काही चूकभूल झाली असेल तर द्यावी घ्यावी.